तिसऱ्या सिलिंडरची हवा

भिवंडीत एक फोक्सवॅगन बीटल आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात. भिवंडी म्हणजे यंत्रमाग, गोदामं, खड्डे आणि कंटेनर. त्यात ही कासवासारखी गाडी कुठून आली? तर ती माझ्या मामाची. १९६८ चं मॉडेल, पंधराशे सीसीचं इंजिन, मूळचा फिकट निळा रंग. मामाने ती एका बोटीवरच्या अधिकाऱ्याकडून जुनीच घेतली होती, आणि मग चाळीसहून जास्त वर्षं स्वतः चालवली. मामा गेल्यापासून ती कल्याण नाक्याजवळच्या एका गाळ्यात उभी असते. शेजारी मागांचा खडखडाट, मध्ये एक भिंत.

यंदा या गाडीवरून घरात चक्क भांडण झालं. कारण काय, तर ऑइल कूलर! ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांनाही हे भांडण सांगावंसं वाटतंय, कारण ते संपलं तेव्हा मला गाडीपेक्षा वेगळंच काहीतरी कळलं होतं.

झालं असं. मामी आता शहात्तर वर्षांची आहे. मामा असताना दर चैत्रात दोघं याच गाडीने वणीच्या गडावर जायचे. गेल्या वर्षी मामी सहज बोलून गेली, "एकदा त्या गाडीनेच देवीला जाऊन यावं असं वाटतं रे." माझ्या मामेभावाने लगेच शब्द देऊन टाकला. शब्द देणं सोपं असतं. एप्रिलमध्ये त्याने गाडी बाहेर काढली, डिपस्टिकच्या जागी बसणारा तेलाचा थर्मामीटर लावला आणि पडघ्यापर्यंत चक्कर मारून आला. थर्मामीटरवर आकडा होता १२८. जळक्या तेलाचा वास वेगळाच.

या इंजिनात तेल ८० ते ११० अंशांच्या दरम्यान असलं की सगळे सुखी. १२० च्या पुढे काळजी करायची. १२८ म्हणजे सपाट रस्त्यावरच ताप आला, कसाऱ्याचा घाट तर अजून लांब राहिला.

भाऊ घाबरला आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्याने केलं, खरेदीला निघाला. मुंबईतल्या एका दुकानाने त्याला यादी करून दिली: मोठा बाहेरचा ऑइल कूलर, त्यावर विजेचा पंखा, जाळीदार स्टीलचे पाइप, खास जोड. खर्च पंचेचाळीस हजार. "दादा, एवढं लावलं की विषयच संपला," तो मला म्हणाला. दुसरीकडे त्याचा एक मित्र, जुन्या गाड्यांमधला जाणकार. त्याचं म्हणणं, गाडीला स्क्रूसुद्धा नवा लावायचा नाही, जशी कारखान्यातून आली तशीच राहिली पाहिजे. आणि तिसरे आमचे चाचा. पूर्वी रिक्षांची इंजिनं करायचे, आता मन लागलं तरच कामाला हात लावतात. ते दोघांचं ऐकून एवढंच म्हणाले, "पहले खोल के तो देखो."

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, पुढे लागणार आहे.

आपल्या नेहमीच्या मोटारीत इंजिनाभोवती पाणी फिरतं आणि पुढच्या रेडिएटरमध्ये थंड होतं. बीटलमध्ये पाणीच नाही. इंजिन मागे, आणि त्याच्यावर पट्ट्याने फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा खेचून सिलिंडरांच्या कंगोऱ्यांवर ढकलतो. हे वाचून ज्यांना आपली रिक्षा आठवली असेल त्यांना शंभर मार्क! बजाजची जुनी रिक्षा याच कुळातली. इंजिन मागे आणि पंख्याची हवा. म्हणूनच चाचांना बीटल परकी वाटत नाही. "बड़ी रिक्षा है," असं ते मामाच्या तोंडावर म्हणायचे आणि मामा मनापासून हसायचा.

पण हवा सगळी उष्णता काढू शकत नाही. बरीचशी तेलाला वाहून न्यावी लागते. आणि बीटलमध्ये तेल किती? फक्त अडीच लिटर. एवढंसं तेल वंगणही करतं, उष्णताही वाहतं, आणि वर त्याला गाळणी म्हणून फिल्टरही नाही, नुसती एक जाळी. इंजिनाचं तेल ४० अंशांना जितकं दाट असतं त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकं ते १०० अंशांना उरतं. त्याहून तापलं की पाण्यासारखं होऊन बेअरिंगवरचा थर सोडायला लागतं. तेव्हा तेल थंड ठेवणारा कूलर हा या इंजिनाचा जीव की प्राण. भावाची भीती खोटी नव्हती.

शिवाय कूलर वाढवणं हे काही पाप नाही. बीटलची थोरामोठ्यांच्या घरी गेलेली नातलग म्हणजे पोर्शे ९११. बीटल फर्डिनांड पोर्शे यांची, तर ९११ त्यांच्या नातवाने रेखाटलेली. तीही हवेवर थंड होणारी, मागे इंजिन. १९६३ मध्ये ती पहिल्यांदा दाखवली गेली आणि इंजिनाची ताकद जसजशी वाढली तसतसं कंपनीलाच कळलं की इंजिनावरचा कूलर पुरत नाही. १९६९ च्या ९११ एसला त्यांनी पुढच्या उजव्या मडगार्डमध्ये दुसरा कूलर दिला. म्हणजे तेल मागून पुढे जाणार, थंड होऊन परत येणार. पुढे तो कूलर बदलत गेला, मोठा होत गेला. १९९८ मध्ये हवेवरची शेवटची ९११ बनली आणि ती परंपरा थांबली, पण तोपर्यंत कूलरची सुधारणा चालूच होती. अहो, आपल्या २००७ च्या पल्सर २२० ला आणि २०१८ च्या रॉयल एन्फील्ड ६५० ला कंपनीनेच पुढे ऑइल कूलर दिलेला आहे.

पण ९११ च्या त्या पुढच्या कूलरच्या वाटेवर एक छोटी गोष्ट असते, थर्मोस्टॅट. तेल साधारण ८० अंशांच्या पुढे तापल्याशिवाय तो तेलाला पुढे जाऊच देत नाही. कारण फार थंड तेलही वाईट. इंजिनात साचणारी पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला तेल चांगलं गरम व्हावं लागतं, नाहीतर आत चिखल तयार होतो. दुकानाच्या पंचेचाळीस हजारांच्या यादीत थर्मोस्टॅट नव्हता. मी विचारलं तर भाऊ म्हणाला, "ते म्हणाले आपल्याकडे थंडी कुठे असते?" इथेच मला पहिली पाल चुकचुकली. जो फक्त थंड करायचं बघतो, त्याला तापमानाबद्दल काही कळत नाही.

असो. चाचांनी इंजिन खाली उतरवलं. बीटलचं इंजिन चार बोल्टवर असतं, जॅक आणि दोन माणसं असली की तासाभरात बाहेर. मग त्यांनी श्राउड उचललं, म्हणजे पंख्याभोवतीचं पत्र्याचं कवच. आणि आम्ही तिघंही बघत राहिलो.

आत रुई होती.

मागातून उडते ती रुई. भिवंडीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना ती सांगायला नको. खिडकीच्या गजावर, विजेच्या तारांवर, माणसांच्या पापण्यांवर बसणारी. शेजारच्या मागांची रुई वर्षानुवर्षं गाळ्यात उडत होती. मामा गेल्यापासून गाडी महिन्यातून एकदा जागेवरच चालू करायची पद्धत होती आणि दर वेळी पंखा ती रुई इमानेइतबारे आत खेचत होता. ती तेलकट कूलरच्या फटींमध्ये जाऊन बसली, वर धूळ, वर परत रुई. बोटाने ओढली तर गादीतल्या कापसासारखी सलग निघाली. कूलर होता, पंखा होता, हवा होती. फक्त वाट बंद होती.

"इसके आगे बड़ा कूलर लगाते," चाचा म्हणाले आणि पुढे काही बोललेच नाहीत. गरजही नव्हती.

त्यानंतर एकेक निघत गेलं. इंजिनाभोवती एक रबरी पट्टी असते. तिचं काम वरची थंड हवा आणि खालची गरम हवा वेगळी ठेवणं. ती कधीतरी कुजून गेली होती आणि कुणीतरी फेकून दिली होती. खालचे दोन पत्रेही गायब. "हे कशाला लागतात" म्हणून कुठल्याशा गॅरेजने काढून ठेवले असणार. म्हणजे सिलिंडरांवरून तापून खाली गेलेली हवा फटीतून परत वर येत होती आणि पंखा तीच पुन्हा ओढत होता! त्यात आताचं पेट्रोल. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या त्याच जुन्या जेटमधून मिश्रण थोडं लीन होतं, आणि लीन मिश्रणावर इंजिन जास्त तापतं. चाचांनी जेट एक नंबर मोठा टाकला. पट्टी नवीन आली, पत्रे एका पत्रेवाल्याकडून मापाने करून घेतले. सगळा खर्च सात हजारांच्या आत.

परत पडघा. थर्मामीटर १०९. हुश्श!

इथे ही गोष्ट संपली असती तर "बघा, खरेदी करू नका, साफ करा" असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ती संपली नाही. आम्ही धीर करून कसाऱ्यापर्यंत गेलो. घाट चढून वर आलो तेव्हा आकडा १२१. बाहेर ३९ अंश. वाईट नाही, पण मामीला बसवून न्यावं असंही नाही.

आणि मग चाचांनी मला तिसऱ्या सिलिंडरची गोष्ट दाखवली. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

मामाच्या बीटलमध्ये ऑइल कूलर श्राउडच्या आत उभा आहे, पंख्याच्या हवेच्या वाटेतच. त्याला हवा मिळते, छान. पण त्याच्या बरोबर मागे, त्याच वाटेवर, तिसरा सिलिंडर आहे. कूलर आधी हवा घेतो, ती तापवतो, आणि उरलीसुरली गरम हवा तिसऱ्याला मिळते. म्हणजे सगळ्या इंजिनाचं तेल थंड होतं, पण त्याची किंमत एकटा तिसरा देतो. बीटलवाल्यांमध्ये हे जुनं दुखणं आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला, तुटला, तर तो बहुधा तिसऱ्याचा.

कंपनीला हे माहीत नव्हतं का? होतं. त्यांनी काय केलं ते मजेशीर आहे. डिस्ट्रिब्युटरचा कॅम असा घासला की तिसऱ्याची ठिणगी बाकीच्यांपेक्षा तीन-चार अंश उशिरा पडावी. तुला हवा कमी मिळते ना, मग तू थोडं कमी काम कर! चाचा आधी समजत होते की आमचा डिस्ट्रिब्युटर झिजलाय. तो झिजलेला नव्हता. ती ठरवून केलेली तडजोड होती.

मग १९७१ च्या मॉडेलपासून त्यांनी खरी दुरुस्ती केली. कूलर हवेच्या मुख्य वाटेतून बाजूला काढला, त्याला मागच्या बाजूला स्वतःचं छोटं घर दिलं, पंखा रुंद केला, आणि कूलरची गरम हवा वेगळ्या वाटेने थेट बाहेर सोडली. या रचनेला बीटलवाले 'डॉगहाउस' म्हणतात, कारण ते दिसतं कुत्र्याच्या घरासारखं. कूलर फार मोठा नाही झाला. फक्त त्याने दुसऱ्याची हवा घेणं बंद केलं.

आम्ही तेच बसवलं. जुन्या वस्तूंच्या बाजारातून श्राउड, रुंद पंखा, कूलर आणि त्याचे पत्रे मिळवायला दीड महिना गेला आणि चैत्र हातचा सुटला. आमच्या इंजिनाची तेलाची भोकं ८ मिलिमीटरची, नवीन कूलरची १० ची, त्यासाठी मधले पायरीचे सील लागले. पंचवीस हजार तरी गेलेच. म्हणजे फुकट नाही झालं, पण पंचेचाळीस हजारही नाही. लांब पाइप नाहीत, आठ नवे जोड नाहीत. अडीच लिटर तेलाच्या गाडीत एक पाइप निसटला तर इंजिन वाचवायला किती वेळ मिळेल याचा विचार करा.

भावाचा जाणकार मित्र मात्र नाराज झाला. त्याचीही बाजू सांगतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळू शकतो, पण ती मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. आणि असा नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. नियम मला चुकीचा वाटत नाही. काही गाड्या जशाच्या तशा राहायलाच हव्यात, नाहीतर पुढच्यांना कळणार कसं? पण मामाची गाडी संग्रहालयातली वस्तू नव्हती. ती वणीला जाणारी गाडी होती. तिला जपायचं म्हणजे तिचं जाणं जपायचं. जुना कूलर, जुना पंखा, जुनं श्राउड आम्ही तेल लावून, चिठ्ठी लिहून लाकडी खोक्यात ठेवलंय. उद्या कुणाला परत मूळचं करायचं असेल तर एका दिवसाचं काम आहे. जुन्या वस्तूत बदल करताना माझी कसोटी एवढीच आहे: परत फिरता आलं पाहिजे.

तर माझं मत काय? ऑइल कूलर वाढवावा की नाही? जरूर वाढवावा, पण तिसऱ्या नंबरला. आधी जो आहे त्याच्यावर बसलेली रुई काढा. मग जे पत्रे कुणीतरी "कशाला लागतात" म्हणून फेकलेत ते परत लावा. त्यानंतरही तापत असेल तर नवीन बसवा, आणि बसवताना तो कुणाची हवा घेणार आहे ते बघा. आपण नेमकं उलट करतो. कोंडी झाली की आधी पूल, पाणी कमी पडलं की आधी नवी टाकी. जुन्या वाटेत काय अडकलंय ते कुणी श्राउड उचलून बघत नाही, कारण त्यात हात काळे होतात आणि उद्घाटन करता येत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, मामीला घेऊन गेलो. भाऊ म्हणत होता आमण्यावरून समृद्धीने जाऊ, आता बोगदा झालाय, घाट लागतच नाही. मामी म्हणाली, "मग गाडी कशाला काढली? घाटात थांबून चहा घ्यायचा असतो." घाट चढून इगतपुरीच्या बाजूला थांबलो, चहा घेतला. थर्मामीटर १०७. मामीने तो पाहिलासुद्धा नाही. ती मागच्या सीटवर खिडकीची काच खाली करून बसली होती. मामा असताना पुढे बसायची, आता म्हणाली मागेच बरं.

परत आल्यावर गाडी गाळ्यात लावली. रात्रीचे साडेनऊ झाले होते, माग चालूच होते. सूत तुटू नये म्हणून मागाच्या शेडच्या खिडक्या बंद ठेवतात, आतला दमटपणा जाता कामा नये. शेडच्या बाजूला ऑफिसची केबिन आहे, तिथे एसी. त्या एसीचं बाहेरचं यंत्र मधल्या बोळात लावलंय. पाळी बदलताना मागावरची मुलं हवा खायला ज्या बोळात येऊन बसतात, त्याच बोळात. मी तिथून इतकी वर्षं जातोय. गरम झोत अंगावर आला की भराभर पुढे जायचो, एवढंच.

त्या रात्री थांबलो. दोन मुलं पायरीवर बसली होती, बनियन पिळून वाऱ्याला धरल्यासारखं त्या झोतासमोर वाळवत होती. दुसऱ्या दिवशी मी मालकांशी बोललो. ओळखीचे आहेत, चांगले आहेत. ते म्हणाले, "अहो, हे कधी लक्षातच आलं नाही." मला ते खरं वाटलं. माझ्या तरी कुठे आलं होतं? यंत्र वर गच्चीवर न्यायला पाइप आणि मजुरी मिळून काही हजार लागतील. बघतो म्हणालेत.

अजून नेलेलं नाही. मी विचारत राहणार आहे.